खर्ज आणि पाच मीटरचं माजघर

कोकणात हाय-फायचा, म्हणजे घरी अस्सल आवाजात गाणं ऐकण्याचा, नाद करायचा तर पहिली गाठ हवेशी पडते. मुंबई-पुण्याचे मित्र ॲम्प्लिफायर घेताना वॅट विचारतात. आम्ही विचारतो, जूनमध्ये कपाटात ठेवलेला हा डबा दिवाळीला चालू होईल का? स्पीकरच्या कोनाची किनार फोमची आहे की रबराची, हा आमच्याकडे आवडीनिवडीचा विषयच नाही. दमट हवेत फोम आधी चिकट होतो, मग बोट लावलं की भुगा होऊन हातात येतो. रबर टिकतं. खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या पिना हिरव्या पडतात आणि चांदीचा मुलामा काळा पडतो. एक चॅनल मधूनच गायब झाला तर आम्ही ॲम्प्लिफायर उघडत नाही, आधी पिना पुसतो. ओल धरू नये म्हणून रेकॉर्डच्या कपाटात चाळीस वॅटचा पिवळा बल्ब जळत ठेवायची पद्धत इथे जुनी आहे. एलईडी आल्यापासून ते ऊबदार बल्ब मिळेनासे झालेत. कुणाला कुठल्या दुकानाच्या फडताळात चार-सहा सापडले की ती बातमी आमच्यात नव्या स्पीकरच्या बातमीइतकी महत्त्वाची असते.

आम्ही आठ-दहा जण आहोत, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात विखुरलेले. चिपळूणचे डॉक्टर, देवगडचे आंबा बागायतदार, कणकवलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत आयुष्य घालवलेले मेस्त्री, कुडाळचा इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा, असे. बसतो बहुतेक वेळा पावस गावाजवळ नानांकडे, कारण त्यांचं घर मोठं आणि रस्त्यापासून आत आहे. भाद्रपदात गणपती, फाल्गुनात शिमगा, मग आंबा, मग पाऊस. या सगळ्यातून मोकळे मिळतात ते मार्गशीर्ष-पौषातले रविवार, आणि तेव्हाही देवगडकर मोहोरावरच्या फवारणीचं वेळापत्रक पाहूनच हो म्हणतात. जो तो आपापलं यंत्र गोधडीत गुंडाळून गाडीतून आणतो. सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी जेवण आणि सोलकढी, आणि मधला सगळा वेळ ऐकणं.

हे सविस्तर लिहायचं कारण आहे. आपल्याकडे लोक परदेशातली परीक्षणं वाचून लाखालाखाची खरेदी करतात. ते परीक्षण ज्या खोलीत झालं ती इथे नाही, तिथली हवा इथे नाही, आणि परीक्षकाने वाजवून पाहिलेलं संगीतही आपलं नाही. आपल्या घरात आपलं गाणं कसं वाजतं ते आपणच ऐकून ठरवायला हवं. त्यासाठी चार माणसांनी एकत्र बसणं मला अत्यंत गरजेचं वाटतं.

नानांचं माजघर पाच मीटर लांब आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जाड, आतून चुन्याचा गिलावा. वर उतरतं कौलारू छप्पर. जमीन अजून शेणाने सारवतात. रेकॉर्ड प्लेअरसाठी याहून चांगली जमीन मी पाहिली नाही. लाकडी पाटणीवर कुणी चाललं की सुई उडते, इथे पोरं उड्या मारून गेली तरी सुईला पत्ता लागत नाही. छप्पर उतरतं असल्याने जमीन आणि आढं यांच्यात आवाजाची टोलवाटोलवी होत नाही. नव्या स्लॅबच्या बंगल्यात, चकचकीत फरशीवर उभं राहून टाळी वाजवा, टाळीमागून एक झिंग ऐकू येते. नानांकडे टाळी वाजवली की ती टाळीच ऐकू येते.

पण त्या माजघरात एक खोड होती आणि ती सापडायला आमचा एक पूर्ण रविवार गेला.

देवगडकरांनी नवे स्पीकर घेतले होते, छातीएवढे उंच, प्रत्येकात दोन वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारे मोठे कोन. डॉक्टरांकडे एक जुनी लहान जोडी आहे. बीबीसीने 1970च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरून कार्यक्रम पाठवणाऱ्या, गाड्यांत वापरण्यासाठी जो एलएस3/5ए नावाचा स्पीकर घडवला, त्या घराण्यातली. उंची जेमतेम 30 सेंटिमीटर. एका लहान गाडीत बसून निवेदकाचा आवाज खरा ऐकू येतो का, हे तपासणं हे त्याचं मूळ काम. 80 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 80 कंपनांच्या, खाली तो फारसं काही देत नाही आणि तसा दावाही करत नाही. मोठा आणि लहान आमनेसामने ठेवायचे असं ठरलं.

तुलना करायची तर ती शिस्तीत, याबद्दल मेस्त्री फार कडक आहेत. एक ठरावीक टोन वाजवून ते स्पीकरच्या तारांवर मल्टीमीटर धरतात. दोन ॲम्प्लिफायर असतील तर दोन्हींचा व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळेपर्यंत कुणाला तोंड उघडू देत नाहीत. कारण साधं आहे. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला ‘चांगला’ वाटतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं, की आवाज हळू असला की कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणजे आवाज नुसता थोडा वाढवला तरी तो भरदार लागतो, आणि श्रेय यंत्राला जातं. दुकानात हेच होतं. स्पीकर वेगवेगळे असले तर नुसता व्होल्टेज जुळवून भागत नाही, कारण एकाच व्होल्टेजला एक मोठा वाजतो आणि दुसरा हळू. बीबीसीची ती लहान जोडी तर फारच हळू वाजणारी आहे. तेव्हा बसायच्या जागी आवाजाची पातळी मोजून घ्यावी लागते. मग समोर धोतराचा पडदा, काय वाजतंय ते फक्त मेस्त्रींना ठाऊक. प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, आणि सगळ्या चिठ्ठ्या जमेपर्यंत ‘वा’ सुद्धा म्हणायचं नाही. एकाने ‘वा’ म्हटलं की उरलेल्यांचे कान त्याच्या मागे जातात. या शिस्तीत आम्ही तारांची तुलनाही केली. स्वस्त तार आणि डोळे फिरवणाऱ्या किमतीची तार यांतला फरक पडद्याआडून आमच्यातल्या कुणालाच सांगता आला नाही. तारांवरचा विषय आम्ही तेव्हापासून बंद केला.

त्या रविवारी आधी एक पुरुष गायकाचा ख्याल लावला, पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज. मोठ्या स्पीकरवर तंबोरा सुरू झाला आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार आली की माजघर घुमायचं. घूंऽ असा एक गोळा यायचा आणि त्यात पहिल्या दोन मात्रांचा तबला बुडून जायचा. लहान जोडीवर मात्र तंबोरा स्वच्छ, तबल्याची चाट वेगळी, गायकाचा श्वास वेगळा. चिठ्ठ्या उघडल्या, बहुतेक सगळ्या लहान जोडीच्या बाजूने. देवगडकरांचा चेहरा उतरला. एवढे पैसे घातले होते.

मग ॲम्प्लिफायर बदलून पाहिला. घुमणं तसंच. आता एका गायिकेची रेकॉर्ड लावली, आणि त्याच मोठ्या स्पीकरवर घुमणं गायब! आवाज असा आला की डॉक्टर आपोआप पुढे सरकून बसले. मेस्त्री बराच वेळ काही बोलले नव्हते. ते म्हणाले, “हो स्पीकराचो दोष नाय. घर घुमता.”

कुडाळच्या मुलाने टेप घेऊन माजघर मोजलं. पाच मीटर. मग वहीत हिशेब मांडला. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 349 मीटर जातो. म्हणजे ज्या स्वराची लहर बरोबर या खोलीच्या लांबीएवढी, पाच मीटरची, तो स्वर जवळजवळ 70 हर्ट्झचा. आणि काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज किती? 69 च्या आसपास. खोली आणि खर्ज एकाच सुरात लागले होते. अशा लहरीचा जोर दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध सगळ्यात जास्त असतो. स्पीकर भिंतीला टेकलेले होते आणि खुर्च्या बरोबर मध्यावर. गायिकेची पट्टी काळी चार, तिचा खर्ज 104 च्या घरात. त्या स्वराचा जोर मध्यावर जवळपास शून्य होतो, म्हणून तो घुमला नाही. लहान जोडी 70 पर्यंत खाली उतरतच नाही, म्हणून तिने घराला जागंच केलं नाही. तिचं यश खरं होतं, पण त्या घरापुरतं, त्या पट्टीपुरतं आणि त्या खुर्चीपुरतं.

उपाय काय तर तोच हिशेब उलटा. त्या लहरीचा जोर भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे सव्वा मीटरवर मरतो. आम्ही चौघांनी मिळून ते अवजड स्पीकर भिंतीपासून सव्वा मीटर पुढे आणले आणि खुर्च्या मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर नेल्या. तोच ख्याल पुन्हा लावला.

त्या वेळी जे ऐकलं ते नीट सांगायला हवं. खर्ज होता, पण आता तो ठिकाणावर होता. तंबोऱ्याच्या चार तारा चार वेगळ्या कळत होत्या, आणि खर्जाच्या तारेतून वर उमटणारा गंधारही. समेवर डग्ग्याची घुमारी आली, ती दाबून सोडलेल्या तळव्यासकट आली. लहान जोडीत हा तळवा नव्हताच, तिथे फक्त ‘डग्गा वाजला’ एवढं कळत होतं. बैठकीत समोर बसून गाणं ऐकलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो, कारण डग्गा आधी पोटात लागतो आणि मग कानात. देवगडकर काही बोलले नाहीत. त्यांनी उठून खडूने स्पीकरच्या पायांभोवती सारवलेल्या जमिनीवर रेघा मारल्या.

एक पैसा खर्च न करता झालेला हा बदल कुठल्याही ॲम्प्लिफायरच्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणून आता कुणीही नवं यंत्र घ्यायचं म्हटलं की आम्ही आधी त्याच्या खोलीची लांबी-रुंदी विचारतो. खोली साडेतीन मीटरची असेल तर खोड वेगळ्या स्वरावर निघेल, चार मीटरची असेल तर आणखी वेगळ्या. आपल्या संगीतात षड्ज एका पट्टीवर ठाम बसलेला असतो आणि तंबोरा तो स्वर तासभर धरून ठेवतो. सतत स्वर बदलणाऱ्या संगीतात खोलीची खोड क्षणभर डोकावून जाते, आपल्याकडे ती अख्खा राग मुक्कामाला येते. ख्याल ऐकणाऱ्याने खोलीकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते यासाठी. हे मी इतक्या ठामपणे म्हणतो कारण ते कानांनी ऐकलंय.

विजेबद्दलही एक सांगायचं आहे. नानांच्या गावात वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून शेजारच्या वाडीतून छोटा जनरेटर आणतात. अशाच एका दुपारी जनरेटरवर नाट्यगीतांची रेकॉर्ड चालू होती. गावच्या भजन मंडळाचे बुवा पडवीत सुपारी कातरत बसले होते. ते आत आले आणि म्हणाले, “चढलंय हे. काळी दोनच्या वर आहे.” आम्ही प्लेअरच्या थाळीकडे पाहिलं. काठावरचे वेग तपासायचे ठिपके त्याच्या दिव्यात अगदी स्थिर, म्हणजे वेग बरोबर. बुवा ऐकेनात. त्यांनी नानांची पेटी मागवली, काळी दोनचा स्वर धरला, आणि खरोखर दोन्हींच्या मध्ये फट ऐकू येत होती.

खुलासा मेस्त्रींनी केला. त्या प्लेअरची मोटर विजेच्या कंपनसंख्येवर फिरते. व्होल्टेज थोडाफार कमीजास्त झाला तरी तिला फरक पडत नाही, पण 50 हर्ट्झचे 51 झाले की ती तेवढीच जोरात फिरते. दोन टक्के, म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. आणि ठिपके दाखवणारा दिवाही त्याच जनरेटरवर. दिवा तेवढाच जलद लुकलुकतो, म्हणून ठिपके हलत नाहीत. स्वतःच्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठेक्यावर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअरला हा त्रास होत नाही. पण त्या दुपारी त्या घरात खरं मोजमाप एकच होतं, बुवांचा कान. आयुष्यभर पट्टी लावत आलेला माणूस. तेव्हापासून बुवांना आमंत्रण द्यावं लागत नाही, त्यांची खुर्ची ठरलेली असते. त्यांना यंत्रांत रस नाही. पखवाजाची शाई ओली वाटते की सुकलेली, झांजेचा काठ ऐकू येतो की नुसता खणखणाट, हे ते सांगतात, आणि त्यावरून आम्ही ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, वळवतो.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. डॉक्टरांचं घर आणि दवाखाना दोन्ही तळमजल्यावर. माणसं माडीवर सुखरूप राहिली, बाकी सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा दारापासून आत चिखल होता. दाबलेल्या भुशाच्या फळीचे एका जोडीचे कॅबिनेट पाण्यात पडलेल्या बिस्किटासारखे फुगून सुटले होते. बीबीसीची लहान जोडी वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. रेकॉर्ड मात्र खालच्या दोन खणांत. पुठ्ठ्याची कव्हरं लगदा होऊन एकमेकांना चिकटलेली.

विनाइलला पाण्याचं भय नाही. बिघडवतात तो चिखल आणि नंतर येणारी बुरशी. आम्ही बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले, भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकले, आणि रंगकामाच्या नव्या मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल गोल धुवायला बसलो. धुतलेल्या तबकड्या स्वयंपाकघरातल्या ताटांच्या स्टँडमध्ये उभ्या केल्या, सावलीत, कारण उन्हात त्या वाकतात. मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून दवाखान्यातल्या स्पिरिटच्या बाटल्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवल्या. हलवताना त्यातल्या बऱ्याच तुटल्या. त्या जेव्हा तुटायच्या तेव्हा डॉक्टर मान वर करत नव्हते.

वाचल्या त्यांचा प्रश्न वेगळा होता. लेबलं काळी पडली होती, काहींची शाई पार धुऊन गेलेली. शेवटच्या खाचेजवळ कोरलेला साच्याचा आकडा दिसतो, पण तो काही गायकाचं नाव सांगत नाही. मग पुढच्या हिवाळ्यात तबकड्यांची सगळी पेटी नानांच्या माजघरात आली, आणि त्या बैठकीत आम्ही एकही यंत्र बदललं नाही. एकेक तबकडी लावायची आणि ओळखायची. वसंतराव देशपांडे पहिल्या आलापातच सापडले. किशोरीबाईंना ओळखायला तर तेवढाही वेळ लागला नाही. काही ठिकाणी गायकाआधी साथीदार कळला. बुवा म्हणायचे, पेटीवरची ही बोटं अमक्याची, मग तो कुणाबरोबर वाजवायचा ते आठवा. राग, बंदिश, तबल्याचा बाज, मागून दाद देणाऱ्यांचा आवाज, असं करत एकेक नाव वहीत चढत गेलं. डॉक्टर नव्या पांढऱ्या पाकिटावर ते लिहायचे आणि पाकीट दोन्ही हातांनी बंद करायचे.

एक 78ची तबकडी उरली. गायिका, सारंगीची साथ, साधारण तीन मिनिटांची बाजू. शेवटपर्यंत सगळे कान लावून बसलो, कारण सुरुवातीच्या काळात गाणारे शेवटी आपलं नाव सांगायचे. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा त्यांनी गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठलं लेबल कुठे लावायचं ते कळावं, म्हणून ही सोय होती असं सांगतात. आमच्या तबकडीत शेवटी नाव नव्हतं. तान संपली, सारंगीने एक मींड घेतली आणि सुई आतल्या खाचेत गेली. बुवा म्हणाले, “पुन्हा लावा.” पुन्हा लावली. राग भूप असावा असं आम्ही म्हणालो, बुवा म्हणाले देशकार, धैवत बघा कसा लागतोय. तो वाद अजून मिटलेला नाही.

पुढची बैठक पौषात वेंगुर्ल्याला आहे, नव्या स्लॅबच्या घरात. हॉल चार मीटर बाय चार मीटर, म्हणजे लांबी आणि रुंदीची खोड एकाच स्वरावर, सगळ्यात अवघड प्रकार. खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला अख्खी काच. जाड गोधड्या, काथ्याच्या गाद्या, जुनी सतरंजी, ज्याच्याकडे जे असेल ते गाडीत टाकून आणायचं आहे. देवगडकर स्पीकर आणतील, खडूही. कुडाळच्या मुलाने कोपऱ्यांसाठी भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे सुचवलेत, ते करून बघू. डॉक्टर ती 78ची तबकडी घेऊन येणार आहेत. सावंतवाडीचे एक वयस्कर सारंगिये यायला तयार झालेत, त्यांना न्यायला गाडी पाठवायची आहे.